तीन बोटांची जागा

तोंड उघडा म्हटलं की माणूस आधी हसतो, मग इकडेतिकडे पाहतो आणि मग उघडतो. करंजबोडीच्या आरोग्य केंद्रात पायात काटा मोडून आलेल्यालाही मी तोंड उघडायला लावते, हे आता सिहोऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालंय. कृती सोपी आहे. आपलीच तीन बोटं उभी जोडायची आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहायची. तिन्ही गेली तर घरी जा. दोनच गेली तर मी बोलायला लागते, आणि मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही अशी माझी ख्याती आहे. एकच गेलं तर मात्र मी गप्प होते आणि नागपूरची चिठ्ठी लिहायला घेते.

हा सगळा खर्ऱ्याचा प्रताप. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटघोट घोटतात, तो हा खर्रा. आमच्या भंडारा जिल्ह्यात पाहुण्याला पाणी विचारायचं एखादे वेळी राहून जाईल, खर्रा विचारायचा राहणार नाही. मयतीला खर्रा, लग्नाला खर्रा, पोरगी पाहायला गेलेली मंडळीही पोहे येईपर्यंत खर्रा चघळत बसतात. बायाही खातात, पदराआड. वर्षानुवर्षं गाल आतून ताठ होत जातो, तोंड मिटत जातं, आणि एखाद्याच्या त्या मिटलेल्या तोंडात गाठ धरते. भाताचा घास जाईनासा झाला की माणूस माझ्याकडे येतो. मला त्या पन्नीचा इतका राग आहे की रस्त्यात पडलेली दिसली तरी मी ती विंचवासारखी चपलेने रगडते.

रागाने काही होत नाही हेही मला कळतं. माझ्या हातात काय, तर चिठ्ठी. मी नीतू वलथरे, ढिवराची पोरगी, जवळच्याच गावातल्या तलावावर मासे मारणाऱ्या मनिरामची. शिकून डॉक्टर झाले आणि इथेच नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, आता लोकांना बरं करू. झालं काय, तर मी नागपूरच्या चिठ्ठ्या वाटणारी बाई झाले. चिठ्ठी घेऊन गेलेले काही जण अर्धा जबडा देऊन परत येतात. बाकीचे चिठ्ठी खिशात घालून घरी जातात आणि पुढच्या वर्षी त्यांच्या तेरवीचं निमंत्रण येतं.

एक प्रश्न मला सोडत नव्हता. एकाच घरातले दोन भाऊ एकाच ठेल्यावरचा खर्रा खातात. एकाचं तोंड ठणठणीत राहतं, दुसऱ्याच्या तोंडात कॅन्सर होतो. असं का? ते आधीच, नुसत्या लाळेवरून ओळखता येईल का? ओळखता आलं तर चिठ्ठी वेळेवर लिहिता येईल. हे मी कोणाला विचारणार? तालुक्याच्या मीटिंगमध्ये विचारलं तर साहेब म्हणाले, "मॅडम, आधी लसीकरणाचे आकडे द्या."

मग गेल्या वर्षी दक्षिणेतल्या एका कॅन्सर संशोधन संस्थेची जाहिरात दिसली. फेलोशिप होती, आणि ती खास माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे पेशंट पाहण्यात आयुष्य चाललेल्या आणि प्रयोगशाळेची पायरी न चढलेल्या डॉक्टरांसाठी. तीन वर्षं पगार संस्था देणार, शिकवणार संस्था, प्रयोगाचा खर्चही तिचा. अट एकच, की त्या काळात दवाखाना बंद आणि पूर्ण वेळ संशोधन. मुलाखत मोबाइलवर झाली, केंद्राच्या गच्चीवर, कारण खाली नेटवर्क नव्हतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला संशोधनात का यायचंय?" मी म्हटलं, "चिठ्ठ्या लिहून लिहून कंटाळले." त्या हसल्या. महिन्याभरात निवड झाल्याचं कळलं, आणि मी गच्चीवरच बसून रडले. आनंदाने रडणं काय असतं ते तेव्हा समजलं.

आता फक्त सुटायचं होतं. सरकारी डॉक्टरला सुटायला कार्यमुक्तीचा कागद लागतो, आणि तो कागद मिळायला आपला चार्ज दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवावा लागतो. आमच्याकडचं दुसरं पद कित्येक वर्षं रिकामं. राजीनामा द्यावा तर तो मंजूर होईपर्यंत केस पांढरे होतात. मी भंडाऱ्याच्या ऑफिसात इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई मला न विचारता चहा आणायला लागला. शेवटी ऑर्डर निघाली. लाखनीचे डॉक्टर प्रविण माझ्या जागी येणार, मी चार्ज देणार आणि मोकळी होणार. डिसेंबर लागला होता. येत्या सोमवारी संध्याकाळपर्यंत संस्थेत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या डॉक्टरची.

गावात मी कोणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सत्कार झाला असता. शाल, नारळ, भाषणं, आणि मग एकेक म्हातारी हात धरून म्हणाली असती, "आमाले सोडून चालल्या, बाई?" त्या वाक्याची मला भीती वाटत होती. फक्त औषधं वाटणाऱ्या तेजरामला, कपाटाच्या किल्ल्या आवरायला हव्यात म्हणून, म्हटलं, "तेजरामभाऊ, माझी ऑर्डर आली."

एवढंच म्हटलं. पण आमच्याकडे ऑर्डर आली म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे कोणीतरी करवली. आपणहून कोणी जातं हे इथे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. करवली कोणी, हेही शोधायला लागलं नाही. केंद्राच्या फाटकाला चिकटून निकेशचा पानठेला होता. तो मी पावसाळ्यात भांडून हटवायला लावला होता. निकेश तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा साडू. "मॅडम, पाहून घेईन," असं तो चारचौघांत बोलून बसलेला. झालं. मॅडमनं ठेला उचलला, ठेलेवाल्यानं मॅडमले उचललं, असा हिशेब गावाने रात्रीत जुळवला.

सकाळी मी पोचले तर केंद्राच्या फाटकाला भलंमोठं कुलूप. समोर मंडप, सतरंज्या, लाउडस्पीकर. मंडपावर माझा फोटो, झेंडावंदनाचा, डोळे अर्धे मिटलेले. खाली लिहिलेलं: 'लोकप्रिय डॉक्टर मॅडमची बदली रद्द करा. साखळी उपोषण.' धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलेलं, माणसं मोकळी, त्यामुळे गर्दी काही विचारू नका.

सगळ्यांच्या पुढे इश्वरभाऊ बोपचे. गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, आणि गावातला एकही तंटा त्यांच्यावाचून होत नाही. अंगाने उंच, धानाचे मोठे शेतकरी, थंडीचा शेला नाकापर्यंत गुंडाळलेला. माझ्या तोंड तपासणीच्या शिबिरांना गावोगावची माणसं गोळा करून आणणारा हाच माणूस. मी त्यांना बाजूला घेतलं.

"इश्वरभाऊ, हे काय लावलंय?"

"मॅडम, तुमी टेंशन घेऊ नका. तुमची बदली आमी होऊ देत नाही."

"बदली नाही हो ती. मीच मागितली. मले कॅन्सरवर संशोधन कराले जायचं आहे. तीन वर्षांसाठी. निकेशचा यात काही संबंध नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, पोचलं. मग ते वळले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "ऐका लेकहो! बाईवर किती दबाव आहे ते पाहा! आपल्याच तोंडानं म्हनाव लागते त्यायले, का मीच मागतली म्हून!"

मंडप पेटला. "मॅडम तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!" आगे कुठून बढणार, फाटकाला यांचंच कुलूप. मी स्वतः माइक घेतला. सांगितलं, की दबाव नाही, मी माझ्या खुशीने चाललेय. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. "पाहा वो, लेकरासारखी घाबरली," एक म्हणाली. मी जितकं खरं बोलत होते तितकी मी त्यांच्या लेखी दडपलेली ठरत होते. मी चिडले, तर म्हणाले, "रागावनारच ना, एवढा अन्याय झाल्यावर." शेवटी मी गप्प बसले, तर तेजराम हळूच म्हणाला, "मॅडमले भलता सदमा बसला."

डॉक्टर प्रविण दुपारी मोटारसायकलवर आले. बायांनी त्यांना गराडा घातला. कोणी वाईट बोललं नाही. "साहेब, तुमी चांगलेच आहा, पन वापस जा," म्हणत त्यांना चहा पाजला, वर खर्रा दिला आणि गाडीचं तोंड लाखनीकडे फिरवून दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, चार्ज घ्यायला मी तयार आहे. पण घेऊ कशाचा, कुलपाचा?"

दवाखाना बंद होता, मी नव्हते. पेशंट मंडपातच यायला लागले. एका कोपऱ्यात टेबल टाकून मी रक्तदाब मोजायची, माझ्या डोक्यावर माझाच फोटो. एखादी बाई अडली तर कुलूप उघडून आत न्यायचं आणि बाळ झालं की पुन्हा लावायचं, असं समितीने ठरवलं होतं. मी आत डांबलेली होते की बाहेर, तेच मला कळेना.

निकेशही उपोषणाला येऊन बसला. "मायावर आळ आला, मॅडम. मी नाही केलं काही. म्हून मी बी बसतो." माणूस बसला म्हणजे ठेलाही आला. मंडपाच्या बाजूलाच पन्न्या घोटल्या जाऊ लागल्या. खर्ऱ्याने उपास मोडतो का, यावर पहिल्याच दिवशी गंभीर चर्चा झाली. गिळत नाही, थुंकतो, तेव्हा मोडत नाही, असा निकाल लागला. जिच्या तोंडून खर्ऱ्याविरुद्ध ऐकून गावाचे कान किटले, तिला थांबवण्यासाठी गाव रांगेने बसून खर्रा चघळत होतं. मला हसू यायचं. निकेशने पुढे केलेल्या पन्नीला इश्वरभाऊंनी मात्र नुसते हात जोडले. बाकीचे पाळीपाळीने बसायचे, हे रोज बसायचे, वर खर्राही नाही. मला तो पुढारीपणाचा आव वाटला. त्यांच्याकडे पाहायचीसुद्धा मला इच्छा नव्हती.

शुक्रवारी बाबा आले. मनिराम वलथरे, धुतलेलं धोतर, सोबत आमच्या गावचे सगळे ढिवर. इश्वरभाऊंनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. मी बाबांना आंब्याखाली नेलं.

"खरं सांग, पोरी. तूच मागतली का?"

"हो, बाबा. मीच."

"मंग सांगत काहून नाही लोकायले?"

"सांगितलं. ऐकत नाही कोणी. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

बाबांनी मंडपाकडे बोट केलं. म्हणाले, "याच गावच्या पाटलानं मले एकदा मासे धरताना बोडीच्या तळ्यावरून हाकललं होतं, जाळं तोडून. आज त्यायची सून तुयासाठी उपाशी बसली. सारं गाव मनिरामच्या पोरीसाठी बसलं, अन मनिराम उठून म्हनन का चला, घरी जा, पोरीलेच राह्यचं नाही? तुयासाठी गाव बसलं तं मले बसाच लागते, बाई. नाही बसलो तं तोंड दाखवता येनार नाही."

आणि ते जाऊन खुर्चीत बसले. त्यांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. त्या खुर्चीतून त्यांना उठवायचं माझ्याने झालं नाही. मी तशीच आंब्याखाली उभी राहिले, बुंध्याला हात लावून, आणि मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की माझ्यावर कोणी जुलूम केला असता तर मी सुटले असते. हे प्रेम होतं. याच्याशी भांडायचं कसं?

संस्थेला फोन केला. त्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सोमवारच्या पुढे मला काही करता येत नाही, डॉक्टर. यादीतले पुढचे डॉक्टर रोज विचारताहेत."

रविवारी दुपारी निकेशचा साडू, तो पुढारी, गाड्या घेऊन स्वतः आला. आपल्यावरचा डाग धुवायला त्यानेच सगळ्यांत जास्त जोर लावला होता. माइकवर त्याने मुंबईला फोन लावला, स्पीकर चालू केला, आणि पलीकडून आवाज आला, "मॅडमची बदली रद्द." ढोल आधीच आणून ठेवलेले. गुलाल उधळला, फटाके लागले. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. निकेश माझ्या पाया पडला. बाबा रडत होते. मीही रडत होते, आणि लोक एकमेकांना दाखवत होते, पाहा, मॅडम खुशीनं रडून राहिल्या.

उपोषण सोडवायची रीत ठरलेली असते. मानाच्या माणसाने मोसंबीच्या रसाचा ग्लास उपोषणकर्त्याच्या तोंडाला लावायचा. पुढारी पुढे सरसावला, पण लोक ओरडले, "मॅडमच्या हातानं! मॅडमच्या हातानं!" म्हणून मीच ग्लास हातात घेतला. रांगेने एकेकाच्या तोंडाला लावत गेले. ओठ उघडायचे, लाल दात दिसायचे, सवयीने माझी नजर आत जायची. हे दोन बोटांचं. हे तीन. हा निकेश, दोन.

शेवटी इश्वरभाऊ. त्यांनी शेला हनुवटीखाली घेतला. इतक्या दिवसांत मी तो चेहरा उघडा पाहिलाच नव्हता. गालफडं बसलेली, डावीकडे जबड्याखाली फुगलेलं. मी ग्लास लावला. दात उघडलेच नाहीत. रस हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर गेला. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. टाळ्या पडल्या.

"आत चला," मी म्हटलं.

फाटकाचं कुलूप नुकतंच काढलेलं. माझ्या खोलीत धूळ होती. दार लावून घेतलं. बाहेर ढोल वाजतच होते.

"तोंड उघडा."

"उघडत नाही, मॅडम."

तीन बोटं नाहीत, दोन नाहीत. माझी करंगळी गेली, तीही अडखळत. बॅटरी मारली. गालाच्या आत, अगदी मागे, पांढऱ्या पडलेल्या कातडीत जखम होती. कडा दगडासारख्या. जबड्याखालची गाठ बोटाने हलत नव्हती. मी हात काढून घेतला. माझ्या बोटांवरचा गुलाल त्यांच्या ओठांना लागला होता.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आंगोदरपासून."

"शिबिरात येत होता ना तुम्ही? गावोगावचे लोक आणत होता, खुर्च्या मांडत होता. एकदा खुर्चीत बसला असता तर?"

"तुमी चिठ्ठी देल्ली असती."

"मग?"

"खेमराजले बी तुमीच देल्ली होती." खेमराज म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला तेव्हा एकाच बोटाचं तोंड होतं, आणि नंतर मी त्याच्या तेरवीला गेले होते. "तो गेला होता नागपूरले, मॅडम. तुमाले वाटते गेला नाही. गेला होता. दिवसभर लाइनीत बसला. हा कागद आना, त्या खिडकीवर जा, उद्या या. कोनाले विचाराव, काय विचाराव, काही समजलं नाही त्याले. वापस आला अन पुन्हा गेलाच नाही. मी म्हटलं, मी जाईन तं मॅडमच्या संगच जाईन. बोलू बोलू म्हनत होतो, हिंमत होत नव्हती. अन मंग तेजराम म्हने, मॅडमची ऑर्डर आली."

माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. "इश्वरभाऊ, पहिल्या दिवशी फाटकाजवळ मी तुम्हाला सांगितलं, की मीच मागितलीय. तुम्हाला खरंच वाटलं का, की माझ्यावर दबाव आहे?"

त्यांनी मान खाली घातली. "नाही."

"म्हणजे?"

"तुमी खोटं बोलत नाही, हे मले मालूम आहे. तुमी सांगतलं तवाच मले पटलं होतं. मी लोकायले उलटं सांगतलं."

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच. हातातली बॅटरी मी इतक्या जोरात टेबलावर ठेवली की तिची काच तडकली. "तुम्हाला कळतं का, तुम्ही काय केलं? तीन वर्षांत मी असं काही शोधलं असतं, की तुमच्यासारख्याचं तोंड मिटायच्या आधीच कळलं असतं. एक-दोघांचं नाही, या सगळ्या पट्ट्यातल्या लोकांचं!"

"बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले. मिटल्या दातांतून शब्द कष्टाने येत होते. "तुमचं सारंच बरोबर आहे. पन मी आत्ता आहो."

फोन वाजला. डॉक्टर प्रविण होते, आवाज दबका आणि उत्साही; ढोलांत ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला. "मॅडम, मी ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. रद्द झाल्याचा लेखी कागद निघालेला नाही. फोन म्हणजे ऑर्डर नव्हे. उद्या ऑफिस उघडेपर्यंत माझीच ऑर्डर चालू आहे. मी पहाटेच येतो. फाटक आता उघडंच आहे. सह्या करू, तुम्ही नागपूरहून दुपारचं विमान पकडा. मागाहून त्यांना काय करायचं ते करू द्या."

सुटकेचं दार उघडं होतं. इतके दिवस ज्याच्यासाठी तडफडले ते दार, सताड.

मी इश्वरभाऊंकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. प्रविणना सांगावं का, यांना तुम्ही घेऊन जा? ज्यांना यांनी फाटकातून परत पाठवलं त्यांच्यासोबत हे जाणार नाहीत, आणि प्रविण नवे, केंद्र सोडून ते तरी कसे जाणार? जाता जाता नागपूरला सोडावं का? नागपूर एका दिवसाचं काम नाही. तुकडा काढणार, रिपोर्ट येणार, मग मोठे डॉक्टर बसून ठरवणार, आणि प्रत्येक खिडकीवर यांच्यासोबत कोणीतरी उभं राहायला हवं. खिडकीवरून हे परत फिरले की पुढचं मला पाठ आहे. मी ते खेमराजच्या घरी जेवून आले आहे.

आणि तिथे जाऊन मी काय करणार होते? परीक्षानळीत कोणाची तरी लाळ धरून विचारणार होते, की हा माणूस आधी का सापडला नाही. तो माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसला होता, गुलालाने माखलेला, रसाने भिजलेला, आणि मला त्याचा भयंकर राग येत होता.

"डॉक्टर," मी फोनवर म्हटलं, "उद्या येऊ नका."

"मॅडम? अहो, ही शेवटची संधी आहे."

"मी उद्या नागपूरला चाललेय. पेशंट आहे."

"चिठ्ठी द्या ना त्याला."

"चिठ्ठीने जात नाही तो." मी फोन ठेवला.

इश्वरभाऊ हात जोडायला लागले. मी म्हटलं, "जोडू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पहाटे तयार राहा. खेमराजचे जुने कागद असतील ते घ्या. आणि घरी बायकोला, निर्मलाबाईंना, सांगा आज, मी येऊन सांगणार नाही." त्यांनी शेला पुन्हा नाकापर्यंत ओढला. डोळे तेवढे दिसत राहिले, भरलेले. मी ते पाहायचं टाळलं.

संस्थेच्या बाईंना संदेश लिहिला, की मी येऊ शकत नाही. कारण लिहिलं नाही. त्यांचं उत्तर लगेच आलं: ठीक आहे, शुभेच्छा. एका ओळीत संपलं ते.

दार उघडलं तर बाहेर सगळं गाव उभं. ढोल थांबले. बाबा पुढे होते, कपाळावर गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. दोन्ही बाजूंनी लोकांनी त्यांना वाट करून दिली, ज्या बाबांना वाट करून द्यायची कोणाला कधी सवय नव्हती. त्यांनी पेढा उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला. फोटोसाठी मोबाइल वर झाले. मी ओठ हलवायला गेले, पण माझे दात एकमेकांवर असे बसले होते की सुटेचनात.

बाबा हसले. त्यांना वाटलं, पोरगी लाजली.

"तोंड उघड, पोरी," ते म्हणाले. "सारे पाहून राहिले."

मी तोंड उघडलं.